पाडलेले ओंडके जंगलातून डेपोवर: वाट, दोर आणि ओढ

झाड पाडायला अर्धा तास लागतो. तोच ओंडका ट्रक उभा राहील अशा जागी, म्हणजे डेपोवर, आणायला कधी तास लागतो, कधी अख्खा दिवस मोडतो. दिवस मोडतो तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच निघतं: झाड कुठे पडणार हे ठरवलेलं असतं, ते कुठून बाहेर निघणार हे ठरवलेलं नसतं. म्हणून नव्या माणसाला मी सांगतो, करवत खाली ठेव. आधी डेपोची जागा पक्की कर आणि तिथून झाडाकडे उलटं चालत जा. ओंडका ज्या वाटेने येणार ती वाट एकदा अशी उलटी पायाखालून गेली, की निम्मे घोळ तिथेच कळतात. इथे वळण बसणार नाही, इथे खडक आडवा येतोय, इथली माती पायालाच चिकटतेय.

हा लेखही त्याच क्रमाने आहे: डेपो, वाट, झाड आणि मग ओढणं. पाच-पन्नास झाडांचं काम माणसं, जनावरं, ट्रॅक्टर किंवा लहान विंच (ड्रमवर दोर गुंडाळत ओढणारं यंत्र) घेऊन करणाऱ्यांसाठी तो आहे. तोडीचे आणि वाहतुकीचे परवाने, ओंडक्यांवरचे शिक्के वगैरे कागदाचं काम हे सगळं सुरू होण्याआधी उरकलेलं आहे असं धरून चालतो.

डेपोची जागा

डेपो ट्रकच्या सोयीने निवडायचा, ओंडक्यांच्या सोयीने नाही. ओंडका दहा मीटर जास्त ओढता येतो; भरलेला ट्रक रुतला तर तो काढण्यात दुसरा दिवस जातो. जमीन कडक हवी, पण पाटासारखी सपाट नको. शेकडा दोन-तीन उतार असला की पाणी साचत नाही. ओढ्या-नाल्यापासून लांब राहा, कारण साल, भुसा आणि ऑइल शेवटी डेपोवरच सांडतं. आणि वर बघायला विसरू नका. डोक्यावरून विजेच्या तारा जात असतील तर ती जागा बाद. ओंडके उचलणाऱ्या यंत्राची भुजा उंच जाते आणि चालकाचं लक्ष खाली, ओंडक्यावर असतं.

डेपो उताराच्या वर असावा की खाली? सगळे म्हणतात खाली, ओंडका उतरणीला आपसूक येतो. जनावर आणि ट्रॅक्टर असेल तर ते बरोबरच आहे. विंच असेल तर मात्र मी वरची जागा घेतो. वर ओढताना दोर सुटला तर ओंडका माणसांपासून आणि मशिनपासून लांब जातो. खाली ओढताना तोच अंगावर येतो. अर्थात वर ओढायचं तर पायथ्याशी कुणी नाही याची खात्री करणं आलंच. दुसरं कारण पाण्याचं. खाली ओढलेल्या ओंडक्यांनी पडलेले चर डेपोकडे येत एकमेकांना मिळतात, आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळ्या उताराचा गाळ डेपोवर उतरतो. वर ओढलं तर चर खालच्या अंगाला फाकत जातात, पाणी वाटलं जातं.

ओढवाट

जंगलात मशीन वाटेल तिथे घालायचं नाही. मातीचं दडपणं पहिल्या काही खेपांतच सर्वांत जास्त होतं. नंतरच्या खेपांनी त्यात फार भर पडत नाही. म्हणजे दहा ठिकाणांहून एकेक खेप नेण्यापेक्षा एकाच वाटेने दहा खेपा नेल्या तर जंगलाचं नुकसान कितीतरी कमी. थोड्या वाटा आखा, झाडांवर रंगाचे पट्टे मारून त्या पक्क्या करा, आणि मशीन त्या वाटेवरच ठेवून ओंडका दोराने तिथपर्यंत आणा.

चढ-उतार नजरेने मोजू नका, नजर फसते. १० मीटर दोरी, एक उभी काठी आणि पाणपातळी एवढ्यावर भागतं. दोरी आडवी, पातळीत धरून १० मीटरमध्ये २ मीटर उंची बदलली, तर तो २० टक्के. साध्या शेती ट्रॅक्टरने ओंडका ओढत चढ चढायचा असेल तर १० टक्क्यांच्या वर मी जात नाही. भरल्या ओढीने उतरताना २० पर्यंत, तेही कोरड्या जमिनीवर. वाट सरळ उताराच्या दिशेने असावी. डोंगराला आडवी, बाजूला कललेली वाट दिसायला सोपी असते, पण ट्रॅक्टर आडवा होतो तो अशाच वाटेवर, आणि ओंडक्याचं मागचं टोक सारखं खालच्या अंगाला घसरत उभ्या झाडांना घासत जातं.

वळणाच्या आतल्या बाजूला एखादं पाडायचं झाड असेल तर ते शेवटी पाडा, किंवा त्याचा खुंट कमरेइतका उंच सोडा. ओंडके त्यालाच घासत वळतात आणि मागची ठेवायची झाडं सोलवटत नाहीत. काम संपल्यावर तो खुंट खाली कापून टाकायचा. वाटेच्या मध्ये येणारे खुंट मात्र जमिनीलगत हवेत, चार बोटं वर राहिला तरी ओंडका अडतो.

ओलीचा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण काम थांबवायला कुणी तयार नसतं. माझी चाचणी अशी: वीतभर खालची माती हातात घ्या आणि तळहातावर वळा. शेवयांसारखी बारीक, न तुटता वळली, तर आज मशीन आत नाही. भुगा झाला तर चालू द्या. मधल्या स्थितीत छाटलेल्या फांद्या वाटेवर जाड अंथरा, चाकं त्यांच्यावरून जाऊ द्या. ओढा ओलांडायचाच असेल तर काटकोनात, खडकाळ तळ असेल तिथे आणि एकाच जागी. ओढ्याच्या पात्रालाच वाट करणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात वाईट मार्ग आहे.

झाड कसं पडलं पाहिजे

ओढवाटेला काटकोनात पडलेलं झाड वाटेवर घेताना अख्खा ओंडका गरकन वळतो आणि आजूबाजूची चार रोपं मोडतो. म्हणून झाडं वाटेशी तिरकी पाडायची, साधारण ३० ते ४५ अंशांत, बुंधा वाटेकडे येईल अशी. वरून पाहिलं तर माशाच्या काट्यासारखी नक्षी दिसली पाहिजे. बुंधा पुढे ठेवून ओढलं की उरलेसुरले फांद्यांचे खुंट मागे कललेले राहतात, जमिनीत रुतत नाहीत. फांद्या तरीही खोडालगत सफाईने छाटायच्या. तळहाताएवढा राहिलेला एक खुंट नांगराच्या फाळासारखा माती उकरत येतो, आणि ओढ किती वाढली ते विंचच्या आवाजावरून कळतं.

तुकडे जंगलात करायचे की डेपोवर? वाट सरळ आणि मोकळी असेल तर लांब ओंडका आणून डेपोवर कापा. माप नीट घेता येतं. वळणं असतील तर तिथेच कापा. मात्र मागितलेल्या लांबीपेक्षा पाच-दहा सेंटीमीटर जास्त ठेवा. ओढताना टोकात खडे घुसतात, फट पडते, तेवढं टोक पुढे उडवावंच लागतं.

आधी वजन, मग दोर

ओंडक्याचं वजन अंदाजाने सांगणारा माणूस नेहमी कमीच सांगतो. टेप काढा. मधोमध घेर मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा आणि ०.०८ ने गुणा, घनमीटर मिळतात. घेर १.२ मीटर आणि लांबी ४ मीटर असेल तर १.४४ गुणिले ४ गुणिले ०.०८, म्हणजे ०.४६ घनमीटर. ताज्या ओल्या लाकडाचा घनमीटर १००० किलो धरा. काही हलकी झाडं यापेक्षा कमी भरतात, काही जड जाती जास्त, पण दोर निवडताना चूक वरच्या बाजूला झालेली बरी. म्हणजे हा ओंडका ४६० किलोचा.

ओल्या लाकडात पाण्याचंच वजन किती असतं, ते म्यानमारच्या सागवान तोडीच्या जुन्या पद्धतीवरून कळतं. ओला साग पाण्यात बुडतो, आणि तिथे ओंडके हत्तींनी नदीपर्यंत आणून पुढे पाण्यातून वाहून न्यायचे. म्हणून बुंध्याभोवती साल आणि रसकाष्ठ (सालीलगतचं ओलं लाकूड) कापून कंकण पाडायचे, झाड दोन-तीन वर्षं उभंच वाळू द्यायचे आणि मग पाडायचे. आपल्याला तेवढी सवड नसते.

आता ओढ. अख्खा ओंडका जमिनीवर लोळवत ओढायचा तर सपाटीवर वजनाच्या अर्ध्यापासून पाऊणपटीपर्यंत जोर लागतो, खडबडीत किंवा चिकट जमिनीवर त्याहूनही जास्त. आपल्या ओंडक्याला साधारण २३० ते ३५० किलो. २० टक्के चढ असेल तर वजनाचा पाचवा हिस्सा, ९० किलो, त्यात मिळवा. पुढचं टोक उचललं, छोट्या घसरगाडीवर किंवा दोन चाकांच्या कमानीवर टांगलं, तर हा आकडा चांगलाच उतरतो, आणि टोक माती उकरत नाही हा दुसरा फायदा. रुतून बसलेला ओंडका जागचा हलवायला मात्र या सगळ्याहून जास्त जोर लागतो. त्याला आधी पहारेने सोडवायचं आणि मगच दोर ताणायचा.

माणसांच्या बळावर

हाताने काम करायचं तर उचलणं विसरा, लोळवा. आकडा लावलेली लांब दांड्याची पहार असेल तर एक माणूस बराच मोठा ओंडका फिरवतो. नियम एकच: माणूस कायम वरच्या अंगाला. खालच्या बाजूने ‘जरा हात लावतो’ म्हणणाऱ्याला तिथून हाकला. हातात उटीचा दगड किंवा पाचर तयार ठेवा. ओंडका थांबला की ती लगेच खाली सरकवा, पायाने नाही, काठीने.

ओंडका ट्रॉलीवर किंवा थप्पीवर चढवायचा असेल तर एक जुनी युक्ती अजून तोडीस तोड आहे. दोन जाड वासे तिरके टेकवा. दोन दोर घ्या, त्यांची एकेक टोकं वर ट्रॉलीला पक्की बांधा. दोर वाशांलगत खाली सोडा, ओंडक्याच्या खालून घ्या, पुढून वर काढा आणि मोकळी टोकं परत वर आणा. वरच्या माणसांनी ती ओढली की ओंडका दोराच्या झोळीत गोल फिरत वर चढतो. इथे ओंडकाच फिरत्या कप्पीचं काम करतो, त्यामुळे जोर निम्मा लागतो. दोन्ही बाजू सारख्या वेगाने ओढा. एका बाजूने पुढे गेलात तर ओंडका तिरका होऊन वाशांवरून निसटतो.

जनावरं

बैलजोडी किंवा घोडा दिवसभर सलग जी ओढ देतो ती स्वतःच्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याची. जोडीचं वजन ८०० किलो असेल तर ८० किलो. झटक्यासरशी ते याच्या कितीतरी पट ओढतात, पण काही क्षणच. वरच्या ४६० किलोच्या ओंडक्याशी हा आकडा ताडून पाहा, म्हणजे जनावर का बसतं ते कळेल. ओंडके लहान कापा, पुढचं टोक उचला, आणि तीस-चाळीस पावलांवर दम खाऊ द्या, तोही चढावर नाही, सपाटीवर. उतरणीला साखळी लांब ठेवा, नाहीतर ओंडका जनावराच्या टाचांवर येतो. अशा वेळी ओंडक्याभोवती जाड साखळीचे दोन वेढे द्यायचे, त्या घर्षणाने तो आवरला जातो. हाकणारा वरच्या अंगाने, ओंडक्याच्या मागच्या बाजूला. जनावर आणि ओंडका यांच्या मध्ये कधीच नाही.

ट्रॅक्टर

ट्रॅक्टरच्या बाबतीत एकच गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे: साखळी खालच्या ओढपट्टीलाच लावायची, मागच्या ॲक्सलच्या खाली. सीटच्या मागे, वरच्या लिंकला किंवा ॲक्सललाच साखळी अडकवली आणि ओंडका खुंटाला अडला, तर चाकं फिरायच्याऐवजी ट्रॅक्टरचं तोंड वर उठतं आणि तो मागे उलटतो. सेकंद-दीड सेकंदाचा खेळ असतो, क्लच दाबायचं सुचेपर्यंत संपलेला. संरक्षक चौकट नसलेला ट्रॅक्टर या कामाला आणू नये, आणि चौकट आहे तर सीटबेल्ट लावलाच पाहिजे. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन-बिंदू जोडणीला विंच किंवा ओढपाटी जोडली असेल तर ओंडक्याचं टोक फक्त जमिनीपासून सुटेल इतकंच उचला. जास्त उचललं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर सरळच जातो. पुढे वजनं लावा.

ओंडक्याला साखळीचा फास लावताना टोकापासून हातभर जागा सोडा. आणि एक बारीक गोष्ट, जी कळायला मला बराच काळ लागला: फासाचा आकडा कुठल्या बाजूला येतो त्यावर ओंडका कसा हलतो ते ठरतं. ओंडका उजवीकडच्या खुंटाला टेकला असेल तर साखळीचा वेढा असा घ्या की ती आधी उजव्या अंगाकडून वर येईल आणि ओंडक्यावरून डावीकडे जाऊन ओढीच्या दिशेला लागेल. ताण आला की ओंडका आधी डावीकडे एक लोळण घेतो, खुंटापासून सुटतो आणि मग पुढे येतो. उलटा वेढा घेतलात तर तो खुंटावर आणखी घट्ट बसतो.

विंच आणि कप्पी

विंचवर लिहिलेली ताकद ही ड्रम जवळजवळ रिकामा असतानाची, पहिल्या थराची असते. दोराचे थर चढत जातात तशी ओढ कमी होत जाते, कारण फिरवणारा जोर तोच आणि त्रिज्या मोठी. तरीही दोर पूर्ण सोडून द्यायचा नाही. ड्रमवर किमान चार-पाच वेढे राहिलेच पाहिजेत, नाहीतर सगळा भार टोकाच्या खिळीवर येतो.

कप्पी दोन कामं करते. ओंडक्याला बांधून दोर परत वळवला तर ओढ दुप्पट आणि वेग निम्मा. झाडाला किंवा खुंटाला बांधली तर फक्त दिशा बदलते. दुसऱ्या प्रकारात लोक फसतात, कारण कप्पीच्या पट्ट्यावर येणारा भार दोरातल्या ताणापेक्षा जास्त असतो. दोर काटकोनात वळला तर सुमारे १.४ पट, पूर्ण मागे फिरला तर दुप्पट. माझ्यावर ही वेळ एकदा आली आहे. दोर नवा होता, कप्पी नवी होती, आणि खुंट बाहेरून ठणठणीत दिसणारा, आतून कुजलेला. ताण आला तसा तो मुळासकट उपटून कप्पीसह उडाला आणि दोर ज्या बाजूला झेपावला तिथे मिनिटभरापूर्वी मी उभा होतो. आता प्रत्येक खुंटाला आधी पहार मारून आवाज ऐकतो, आणि दुसऱ्या खुंटाला बांधून आधार देतो.

वळलेल्या दोराच्या आतल्या कोनात कुणीही उभं राहायचं नाही, कारण कप्पी सुटली तर दोर तिकडेच येतो. ताणलेल्या दोरावरून पाय टाकायचा नाही. विंच चालवणाऱ्याला इशारा एकाच माणसाने द्यायचा, पण ‘थांब’ कुणीही म्हणू शकतं आणि ते ऐकलंच पाहिजे. नायलॉनचा ताणणारा दोर ओढीला वापरू नका. तो रबरासारखा जोर साठवतो आणि तुटल्यावर एकदम सोडतो. तारेचा दोर ज्या भाराला तुटतो त्याच्या एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ नये.

तारेच्या दोराला क्लिपांनी फास करताना चूक हमखास होते. क्लिपची खोगीर, म्हणजे दोर बसतो तो खाचेचा भाग, ओढ घेणाऱ्या लांब दोरावर बसली पाहिजे, आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर. उलट बसवली तर बोल्ट कामाच्याच दोराला चिरडतो. १२ मिलिमीटरच्या दोराला किमान तीन क्लिपा, आणि पहिला भार दिल्यावर नट पुन्हा आवळा, कारण दोर दबून बारीक होतो.

थप्पी

डेपोवर ओंडके थेट मातीत टाकू नका. खाली दोन आडवे वासे घाला, म्हणजे हवा खेळते आणि पुढे साखळी खालून घालता येते. बुंधे एका रेषेत, लांबीप्रमाणे आणि जातीप्रमाणे थप्प्या वेगळ्या. हाताने रचलेली थप्पी छातीच्या वर नेऊ नका, दोन्ही बाजूंना खुंट किंवा पाचरी द्या, आणि काढताना वरूनच काढा. टोकांवर नंबर घालून वहीत घेर-लांबी त्याच दिवशी लिहा. संध्याकाळी आठवणीने लिहिलेल्या वहीत एक ओंडका नेहमी कमी असतो. भारी लाकूड असेल तर कापलेल्या टोकांना मेण किंवा रंग लावा, फट पडायची कमी होते. उबदार, दमट हवेत ओल्या ओंडक्यांवर निळसर बुरशी लवकर चढते, तेव्हा ते ट्रकची वाट बघत पडून राहू नयेत.

शेवटचा ओंडका आल्यावर

वाट तशीच सोडायची नाही. उतारावर ठरावीक अंतराने तिरके चर आणि बांध काढा, वाटेशी सुमारे ३० अंशांत, पाणी बाजूच्या झाडीत उतरेल असे. उतार जितका खडा तितके ते जवळजवळ. वर छाटलेल्या फांद्या पसरून द्या. ओढ्यात पडलेल्या फांद्या आणि साल काढा.

मग दोर. तो गुंडाळताना एकाने जुनी कापडाची चिंधी दोराभोवती धरून हलक्या हाताने सरकवत न्यावी, हातमोजा असला तरी नुसत्या बोटांनी नाही. चिंधी जिथे अडकते तिथे तुटलेली तार असते. तिथे खडूने खूण करा. एकाच जागी अशा तारा जमल्या असतील, मुरड पडली असेल किंवा दोर मूळ जाडीच्या दहा टक्क्यांनी बारीक झाला असेल, तर तेवढा भाग त्याच दिवशी कापून टाका, डेपोवर पुन्हा कामाला यायच्या आधी.